ग्राफवरचा करंट आणि मोटरमधला करंट

साध्या प्रोग्रॅममध्ये चूक सापडत नसली की आपण ब्रेकपॉइंट टाकतो. प्रोग्रॅम हवा तिथे थांबतो, व्हेरिएबल्सच्या किमती निवांत बघता येतात, मग एकेक ओळ पुढे सरकायचं. मोटर चालवणाऱ्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपमध्ये भरलेल्या प्रोग्रॅममध्ये, हीच सवय महागात पडते. प्रोसेसर थांबला तरी पीडब्ल्यूएम (व्होल्टेज वेगाने चालू-बंद करून त्याची सरासरी ठरवणारे पल्स) काढणारा टायमर थांबेलच असं नाही. तो शेवटच्या ड्यूटीवर, म्हणजे चालू वेळेच्या प्रमाणावर, मॉसफेटची (करंट तोडणाऱ्या-जोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचची) उघडझाप चालूच ठेवतो. रोटर जडत्वाने पुढे फिरत असतो. क्षणापूर्वी रोटरच्या बरोबरीने फिरणारं व्होल्टेज आता एका जागी गोठलेलं, आणि करंटला अडवायला विंडिंगचा किरकोळ रेझिस्टन्स तेवढा उरलेला. तो ०.१ ओहम असेल आणि त्यावर १२ व्होल्ट पडले, तर हिशेब १२० अँपिअरचा होतो. मॉसफेट जळायला काही मिलिसेकंद पुरतात.

ब्रेकपॉइंट लागताच पीडब्ल्यूएम बंद व्हावं अशी सोय मोटर कंट्रोलसाठी बनवलेल्या मायक्रोकंट्रोलरमध्ये सहसा असते, आणि ती चालू ठेवावीच. पण मग मोटर सुटी फिरत राहते आणि जे बघायचं होतं तेच हातातून निसटतं. म्हणजे ही यंत्रणा चालू असतानाच तिच्या आत डोकावलं पाहिजे.

त्यासाठी रिअल-टाइम व्हिज्युअलायझेशनची सॉफ्टवेअर्स आहेत. एनएक्सपीचं फ्रीमास्टर, एसटीचं एसटीएम३२क्यूबमॉनिटर, सेगरचं जे-स्कोप, मायक्रोचिपच्या टूल्सबरोबर चालणारं एक्सटूसी-स्कोप, रेनेसासचं मोटर वर्कबेंच, मुक्तस्रोत जगातलं वेस्क टूल ही त्यातली काही नावं. मेनू वेगळे, रंग वेगळे, काम एकच: मोटर फिरत असताना फर्मवेअरमधल्या व्हेरिएबल्सचे ग्राफ काढायचे आणि जमलं तर त्यांच्या किमती चालत्या गाडीत बदलायच्या. ही सॉफ्टवेअर्स वापरायला शिकणं फारसं अवघड नाही. समोरचा ग्राफ नेमका कशाचा आहे हे ओळखणं अवघड आहे, आणि बराचसा लेख त्याबद्दलच आहे.

कुठल्याच तारेवर नसलेले आकडे

आधी आत काय चाललेलं असतं ते थोडक्यात. आजच्या बहुतेक चांगल्या मोटर ड्राइव्हमध्ये फील्ड ओरिएंटेड कंट्रोल असतो. मोटरला तीन फेज, प्रत्येकीत साइन वेव्हसारखा वरखाली होणारा करंट. असे तीन नाचते आकडे थेट कंट्रोल करणं त्रासाचं असतं. म्हणून आधी तिन्हींचे दोन आकडे करायचे. या रूपांतराला एडिथ क्लार्क यांचं नाव आहे. मग हे दोन आकडे रोटरच्या कोनाइतके फिरवायचे. हे रॉबर्ट पार्क यांच्या १९२९ च्या शोधनिबंधातून आलेलं. हाती येतात दोन करंट, आय-डी आणि आय-क्यू. आय-डी चुंबकाच्या दिशेतला, आय-क्यू त्याला काटकोनात. मोटर एकसारख्या वेगाने फिरत असेल तर हे दोन्ही आकडे स्थिर राहतात, आणि स्थिर आकडा कंट्रोल करणं पीआय (प्रपोर्शनल-इंटिग्रल) कंट्रोलरला सोपं जातं. रोटरच्या पृष्ठभागावर चुंबक लावलेल्या मोटरमध्ये टॉर्क आय-क्यूच्या प्रमाणात मिळतो; आय-डी शून्यावर धरून ठेवायचा. या कल्पनेला कंट्रोलचं रूप दिलं ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सीमेन्समध्ये काम करणाऱ्या फेलिक्स ब्लाश्के यांनी.

हे सगळं गणित पीडब्ल्यूएमच्या प्रत्येक फेरीत एकदा होतं. पीडब्ल्यूएम २० किलोहर्ट्झचं असेल तर ५० मायक्रोसेकंदांत करंट मोजायचा, कोन घ्यायचा, दोन्ही रूपांतरं करायची, दोन पीआय कंट्रोलर चालवायचे आणि नवीन ड्यूटी टायमरमध्ये भरायची. हे करंट लूप. त्याच्या बाहेर वेगाचं लूप, ते याच्या मानाने सावकाश, बहुधा सेकंदाला हजारएक वेळा.

आता या आय-क्यूला ऑसिलोस्कोपचा प्रोब लावायचा कुठे? तो कुठल्याच तारेवर नाही. तो गणितातून जन्मलेला आकडा आहे, रॅममधल्या एका पत्त्यावर ५० मायक्रोसेकंद राहतो आणि पुसला जातो. पूर्वी यावर एक साधी युक्ती असायची: हवं ते व्हेरिएबल डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टरवर पाठवायचं आणि तो पिन ऑसिलोस्कोपवर बघायचा. माझ्या मते ही युक्ती आजही मोडीत काढण्यासारखी नाही. उशीर जवळपास शून्य, आणि शेजारच्या चॅनेलवर करंट प्रोबने मोजलेला खरा करंट लावला की दोघांची तुलना डोळ्यांसमोर होते. अडचण एवढीच की चॅनेल एकदोनच मिळतात आणि व्हेरिएबल बदलायचं म्हटलं की कोड बदला, कंपाइल करा, परत चिपमध्ये भरा.

सॉफ्टवेअरने हीच कटकट काढून टाकली. कंपाइलर कोडबरोबर एक ईएलएफ फाइल तयार करतो. कुठलं व्हेरिएबल रॅममध्ये कुठल्या पत्त्यावर आहे आणि ते किती बाइटचं आहे ही कुंडली त्या फाइलमध्ये असते. संगणकावरचं सॉफ्टवेअर ती वाचतं, तुम्ही यादीतून नाव निवडता, आणि ते मायक्रोकंट्रोलरला विचारत राहतं: या पत्त्यावर आत्ता काय आहे? हे विचारण्याचे दोन मार्ग. एक, फर्मवेअरमध्ये एक छोटा ड्रायव्हर टाकायचा, जो सिरिअल पोर्टवरून, कॅनवरून किंवा यूएसबीवरून उत्तर देतो. दुसरा, डीबग प्रोब वापरायचा. कॉर्टेक्स-एम जातीच्या चिपमध्ये डीबग पोर्टला प्रोसेसर न थांबवता रॅम वाचता येते, त्यामुळे फर्मवेअरमध्ये एक ओळही न घालता व्हेरिएबल दिसतं.

यातून एक किरकोळ वाटणारी पण फार सतावणारी चूक निघते. चिपमध्ये नवीन फर्मवेअर आणि सॉफ्टवेअरमध्ये जुनी ईएलएफ फाइल राहिली, तर पत्ते सरकलेले असतात. ग्राफ येतो, आकडे हलतात, फक्त ते दुसऱ्याच कुठल्यातरी व्हेरिएबलचे असतात. वेग म्हणून तापमान बघत बसलेला माणूस कंट्रोलरला शिव्या घालत असतो. फर्मवेअरमध्ये एक आवृत्ती क्रमांक ठेवावा आणि ग्राफ उघडल्यावर आधी तो जुळतोय का बघावं. आणखी एक: फंक्शनच्या आतली तात्पुरती व्हेरिएबल्स रजिस्टरमध्ये किंवा स्टॅकवर असतात, त्यांना कायमचा पत्ता नसतो. बघायचं ते ग्लोबल किंवा स्टॅटिक हवं, आणि ऑप्टिमायझरने ते गिळू नये म्हणून व्होलटाइल.

दोन खिडक्या

जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ग्राफ बघण्याच्या दोन तऱ्हा असतात. फ्रीमास्टरमध्ये त्यांची नावं स्कोप आणि रेकॉर्डर अशी आहेत; इतरत्र नावं बदलतात. दोन्हींचा ग्राफ दिसायला सारखा, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

स्कोपमध्ये संगणक एकेक करून किमती मागवतो आणि येतील तशा पडद्यावर मांडतो. किती वेगाने? सिरिअल पोर्ट ११५२०० बॉडवर असेल तर एका बाइटला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट. चार बाइटची चार व्हेरिएबल्स म्हणजे १६ बाइट, वर प्रश्न आणि उत्तराच्या वेष्टनाचे आठेक बाइट धरले तर सेकंदाला ४८० नोंदी, तेही तार एक क्षणही रिकामी राहिली नाही तर. प्रत्यक्षात यूएसबी-सिरिअल अडॅप्टर आडवा येतो. एफटीडीआय कंपनीच्या चिपचा ड्रायव्हर छोटं उत्तर लगेच पुढे न ढकलता थोडं थांबतो. हा लेटन्सी टायमर मुळात १६ मिलिसेकंदांवर लावलेला असतो. प्रश्न-उत्तराच्या पद्धतीत एवढ्या एका गोष्टीने नोंदी सेकंदाला साठेकवर येतात. सेटिंगमध्ये जाऊन तो १ मिलिसेकंद केला की ग्राफ एकदम चुरचुरीत होतो, आणि लोक उगाच बॉड रेट वाढवत बसलेले असतात.

पण ४८० असोत की हजार, करंट लूप सेकंदाला २०,००० वेळा चालतंय. मधलं सगळं निसटतं, आणि निसटलेलं नुसतं गायब होत नाही, ते खोटं रूप घेऊन येतं. चार पोल-पेअरची, म्हणजे चुंबकांच्या उत्तर-दक्षिण ध्रुवांच्या चार जोड्यांची, मोटर मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर सेकंदाला ५० फेऱ्या, आणि फेज करंटची वारंवारता २०० हर्ट्झ. स्कोप सेकंदाला १९० नोंदी घेत असेल तर पडद्यावर १० हर्ट्झची सुबक साइन वेव्ह दिसेल. बरोबर २०० नोंदी घेत असेल तर सरळ रेघ. चित्रपटात पळत्या गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं तोच प्रकार. फरक इतकाच की चाक खोटं फिरतंय हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. इथे मात्र वेव्ह इतकी गुळगुळीत असते की शंका घ्यायचं सुचत नाही.

रेकॉर्डरची रीत वेगळी. नोंद घेण्याचं काम फर्मवेअरच करतं, तेही करंट लूपच्या इंटरप्टच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कोडच्या) आत, दर फेरीला. किमती चिपच्या रॅममधल्या बफरमध्ये साठतात. बफर भरला की तो सावकाश संगणकाकडे पाठवला जातो. तारेचा वेग कमी असला तरी बिघडत नाही, कारण नोंदी आधीच अचूक वेळेला घेऊन झालेल्या असतात. शिवाय चारही व्हेरिएबल्स एकाच क्षणाची असतात. स्कोपमध्ये ती खात्री नाही: आय-डी एका फेरीतला आणि आय-क्यू पाच फेऱ्यांनंतरचा असं सहज होतं.

रेकॉर्डरची किंमत रॅममध्ये मोजावी लागते. दोन बाइटची चार व्हेरिएबल्स म्हणजे एका नोंदीला आठ बाइट. ८,००० बाइटच्या बफरमध्ये १,००० नोंदी, २० किलोहर्ट्झला एकूण ५० मिलिसेकंद. करंट लूप बघायला हे चिक्कार आहे. वेगाचं लूप बघायला अपुरं, मग दर दहाव्या फेरीला एक नोंद घ्यायची आणि अर्धा सेकंद मिळवायचा.

रेकॉर्डरचा खरा दागिना म्हणजे ट्रिगर. बफर गोल फिरत सतत भरत ठेवायचा आणि ओव्हरकरंटचा फॉल्ट लागला की थोड्या वेळाने थांबवायचा. ट्रिगरच्या आधीचा भाग ८० टक्के ठेवला तर फॉल्टपूर्वीचे ४० मिलिसेकंद जसेच्या तसे हाती येतात. ड्राइव्ह आठवड्यातून एकदाच ट्रिप होत असेल तर तिला पकडायचा दुसरा शहाणा उपाय मला माहीत नाही.

म्हणून ढोबळ वाटणी अशी: तापमान, बस व्होल्टेज (ड्राइव्हच्या मुख्य डीसी पुरवठ्याचं), सरासरी वेग, रॅम्प, सावकाश बदलणारं सगळं स्कोपमध्ये. करंट, व्होल्टेज, कोन, ऑब्झर्व्हर (कोनाचा अंदाज काढणारं गणित), म्हणजे इंटरप्टमध्ये राहणारं सगळं रेकॉर्डरमध्ये. गोल काट्यांचे मीटर आणि रंगीत दिव्यांचे डॅशबोर्ड पाहुण्यांना दाखवायला ठीक आहेत. डेव्हलपमेंटमध्ये त्यांचा उपयोग जवळपास नाही.

एक स्टेप, जवळून

करंट लूप ट्यून करण्याचं उदाहरण घेऊ, कारण या सॉफ्टवेअरचा सर्वांत जास्त उपयोग इथे होतो आणि सर्वांत जास्त गैरवापरही इथेच. गैरवापर म्हणजे स्लायडर धरून गेन (चुकीला कंट्रोलर किती जोराने उत्तर देतो तो आकडा) वरखाली करत राहायचं आणि ग्राफ बरा दिसला की थांबायचं. तसं करायची गरजच नसते. मोटरचा रेझिस्टन्स आणि इंडक्टन्स मोजता येतात, त्यातून गेन कागदावर निघतात, आणि ग्राफ फक्त खातरजमेसाठी उरतो.

समजा फेजचा रेझिस्टन्स अर्धा ओहम, इंडक्टन्स अर्धा मिलिहेन्री. इथे एक खबरदारी: दोन टर्मिनलच्या मध्ये मीटर लावला तर स्टार जोडणीत दोन फेजची बेरीज येते, तिचा अर्धा घ्यायचा. लूपची बँडविड्थ, म्हणजे ते किती झटपट प्रतिसाद देतं त्याचं माप, १,००० हर्ट्झ हवी असं ठरवलं, म्हणजे सेकंदाला ६,२८३ रेडियन. प्रपोर्शनल गेन हा त्या संख्येला इंडक्टन्सने गुणून मिळतो, ३.१४ व्होल्ट प्रति अँपिअर. इंटिग्रल गेन तिलाच रेझिस्टन्सने गुणून, ३,१४२. झालं.

आता तपासणी. कोन शून्यावर कायम धरायचा आणि आय-डीची स्टेप द्यायची. रोटर आधी डी-अक्षावर येऊन बसेल, मग कितीही स्टेप दिल्या तरी हलणार नाही, कारण आय-डीने टॉर्क निघत नाही. मोटर न फिरवता कंट्रोलर तपासण्याची ही फार सोयीची जागा आहे. रेकॉर्डरमध्ये मागितलेला आय-डी, मोजलेला आय-डी आणि कंट्रोलरने काढलेलं डी-व्होल्टेज लावायचं, आणि ट्रिगर स्टेपवर.

स्टेप २ अँपिअरची. १,००० हर्ट्झ बँडविड्थला करंट १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर जायला साधारण ०.३५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे रेकॉर्डरच्या पडद्यावर सात नोंदी. सात ठिपक्यांचा चढ. त्यातूनच सगळं वाचायचं. हीच स्टेप स्कोपच्या खिडकीत पाहिली तर एक ठिपका खाली, पुढचा वर, मध्ये उभी रेघ. तिथे बरा गेन आणि वाईट गेन सारखेच दिसतात.

चढ झकास आला आणि शेवटचा थोडा भाग रेंगाळत पोहोचला, तर इंटिग्रल गेन कमी आहे. बहुधा रेझिस्टन्स कमी धरला गेला. करंट लक्ष्य ओलांडून हेलकावे खात परतला, तर इंटिग्रलच्या मानाने प्रपोर्शनल कमी पडतोय. अगदी प्रत्येक दोन-चार नोंदींना दात येत असतील आणि मोटरमधून सूक्ष्म सीसी आवाज येत असेल, तर प्रपोर्शनल फार झाला. थोडंसं ओलांडणं मात्र स्वाभाविक आहे. मोजणं, गणित करणं आणि ड्यूटी लागू होणं यात सुमारे दीड फेरी, म्हणजे ७५ मायक्रोसेकंद जातात, आणि १,००० हर्ट्झला त्यापायी २७ अंशांची फेज गळते. ते टाळायचा हट्ट धरला तर लूप विनाकारण मंद होतं.

आता स्टेप १० अँपिअरची देऊन बघा. करंट आधीपेक्षा मंद आणि जवळपास सरळ रेषेत चढेल. गेन बिघडले का? नाही. पहिल्या क्षणी कंट्रोलरला ३.१४ गुणिले १०, म्हणजे ३१ व्होल्ट हवे आहेत, आणि २४ व्होल्टच्या बसमधून फेजला साधारण १४ व्होल्टच मिळू शकतात. डी-व्होल्टेजचा ग्राफ माथ्यावर सपाट झालेला दिसेल. तो ग्राफ लावला नसेल तर माणूस गेन वाढवत सुटतो, आणि मग छोट्या स्टेपला लूप किंचाळायला लागतं. करंटच्या जोडीला व्होल्टेजचा ग्राफ नेहमी लावावा, असा माझा आग्रह आहे तो यासाठी.

सपाट ग्राफ, थरथरती मोटर

यापुढचा प्रकार जास्त फसवा आहे. मोटर मिनिटाला ३०० फेऱ्यांनी सावकाश फिरते आहे. आय-क्यूचा ग्राफ रेघ ओढल्यासारखा सपाट. तरी मोटर गुरगुरते आणि वेगाच्या ग्राफमध्ये लाटा आहेत.

सपाट दिसतोय तो मोजलेला आय-क्यू. कंट्रोलरचं कामच मोजलेला आकडा मागितलेल्या आकड्याला चिकटवणं हे आहे, आणि बँडविड्थ पुरेशी असली की तो ते चोख करतो. मोजमापातच चूक असेल तर कंट्रोलर ती चूक निमूटपणे खऱ्या करंटमध्ये उलटी उतरवतो, म्हणजे मोजलेला सपाट राहील अशा बेताने खरा करंट हलवतो. ग्राफ खोटं बोलत नाही. कंट्रोलरची जी समजूत आहे ती तो दाखवतो. खरी हालचाल शोधायची तर कंट्रोलरच्या श्रमांकडे बघायचं: डी आणि क्यू व्होल्टेजमध्ये लाटा दिसतील, वेगात दिसतील, आणि करंट प्रोब असेल तर तिथे दिसतील.

मग त्या लाटेची वारंवारता मोजायची, कारण ती गुन्हेगाराचं नाव सांगते. चार पोल-पेअर, ३०० फेऱ्या: रोटर सेकंदाला ५ फेऱ्या, विद्युत वारंवारता २० हर्ट्झ. लाट २० हर्ट्झची असेल तर एखाद्या फेजच्या करंट मोजणीत ऑफसेट आहे. करंट मोजणाऱ्या १२ बिटांच्या अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टरवर शून्य करंटला २०४८ यायला हवं आणि येतंय २०६०, असला प्रकार. हा फरक स्थिर आहे, पण पार्कचं रूपांतर सगळ्यालाच फिरवतं, त्यामुळे स्थिर चूक डी-क्यूमध्ये विद्युत वारंवारतेने हलू लागते. लाट ४० हर्ट्झची असेल तर दोन फेजच्या मोजणीचे गेन एकसारखे नाहीत. शंट (करंट मोजायचा छोटा रेझिस्टर) किंवा अ‍ॅम्प्लिफायरचे रेझिस्टर बघा. १२० हर्ट्झची, म्हणजे सहापट असेल तर संशय डेड-टाइमवर, वरचा आणि खालचा मॉसफेट एकदम चालू होऊ नयेत म्हणून मध्ये सोडलेल्या वेळेवर. आणि निव्वळ ५ हर्ट्झची असेल तर करंट सेन्सरला सोडा, कोन मोजणाऱ्या एन्कोडरची चकती मध्यावर बसलेली नाही किंवा कपलिंग तिरपं आहे.

वेग दुप्पट करून लाटेची वारंवारताही दुप्पट होते का ते बघितलं की खात्री पटते. ऑफसेटचा उपाय सोपा: सुरू होताना, पीडब्ल्यूएम बंद असताना हजारएक वाचनांची सरासरी काढून ती वजा करायची. अ‍ॅम्प्लिफायर तापला की तो आकडा सरकतो, म्हणून मोटर जेव्हा जेव्हा थांबेल तेव्हा पुन्हा काढलेला बरा.

कोनाच्या चुका त्या मानाने लवकर सापडतात. पॉवर स्टेज बंद ठेवून रोटर हाताने एक फेरी फिरवा आणि विद्युत कोनाचा ग्राफ बघा. करवतीचे जितके दात, तितक्या पोल-पेअर. पाच आले आणि मोटर चारची असेल तर सेटिंग चुकलंय. पुढे फिरवल्यावर कोन कमी होत असेल तर एन्कोडरच्या तारांचा क्रम उलटा आहे. ही चाचणी पॉवर न देता होते, काही जळत नाही, आणि तरी ती वगळून लोक थेट मोटर फिरवायला जातात. कोन ९० अंशांनी चुकला तर टॉर्क शून्य, त्याहून जास्त चुकला तर टॉर्क उलटा, आणि वेगाचं लूप उलट्या टॉर्कला आणखी जोर देत मोटर पळवून नेतं.

सेन्सरलेस ड्राइव्हमध्ये, म्हणजे कोन मोजणारा सेन्सर नसलेल्या ड्राइव्हमध्ये, कोन अंदाजाने काढलेला असतो. सुरुवातीला मोटर जबरदस्तीने, ठरावीक चढत्या कोनाने फिरवतात, कारण फारच कमी वेगाला बॅक-ईएमएफ (फिरण्यामुळे मोटरमध्येच तयार होणारं व्होल्टेज) पुरेसा नसतो. वेग वाढला की सूत्रं ऑब्झर्व्हरकडे द्यायची. इथे ग्राफ दोनच हवेत, जबरदस्तीचा कोन आणि ऑब्झर्व्हरचा कोन. त्यांतला फरक स्थिर व्हायच्या आत सूत्रं दिली तर मोटर एक गचका खाऊन थांबते. फरक शून्य नसेल, लोडप्रमाणे काही अंश राहतोच. तो थरथरत नसला म्हणजे झालं.

चालत्या मोटरला हात लावताना

किमती वाचणं तसं निरुपद्रवी. लिहिणं नाही. वेगाचा स्लायडर ५०० वरून ५,००० वर ओढला तर फर्मवेअरला तो एका क्षणात झालेला बदल दिसतो. रॅम्प आणि मर्यादा फर्मवेअरमध्येच हव्यात. पडद्यावरच्या स्लायडरला कमाल मर्यादा लावणं ही मर्यादा नव्हे. दोन गेन बदलायचे असतील तर एक बदलून दुसरा बदलेपर्यंत मधल्या शेकडो फेऱ्या विजोड गेनवर चालतात. त्यापेक्षा नवीन किमती वेगळ्या व्हेरिएबल्समध्ये ठेवाव्यात आणि एक फ्लॅग लावला की इंटरप्टने त्या एकदम उचलाव्यात.

केबल निसटली तर काय, हा प्रश्न आधी विचारावा. मोटर शेवटच्या आदेशावर फिरत राहते आणि पडद्यावरचं स्टॉप बटण आता कशालाच जोडलेलं नसतं. संगणकाने एक आकडा सतत वाढवत राहावा आणि तो अर्धा सेकंद वाढला नाही की फर्मवेअरने मोटर उतरवावी, एवढी सोय दहा ओळींत होते. तरीही पॉवर तोडणारं खरं बटण हाताशी हवंच. सॉफ्टवेअरमधलं बटण आणीबाणीसाठी नसतं.

मोटर जोरात अडवतानाही बस व्होल्टेजच्या ग्राफवर डोळा ठेवावा. मोटर तेव्हा जनरेटर होते, आणि बॅटरी किंवा ब्रेक रेझिस्टर नसेल तर ती ऊर्जा कपॅसिटरमध्ये जाऊन व्होल्टेज चढवते.

सर्वांत मोठा धोका मात्र ग्राफमध्ये कुठेच दिसत नाही. २३० व्होल्टच्या मेन्सवरून डायोड ब्रिजने थेट बनवलेल्या बसवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात, आणि बऱ्याच स्वस्त ड्राइव्हमध्ये कंट्रोल बोर्डचा ग्राउंड म्हणजे त्याच बसचं ऋण टोक. ते अर्थिंगच्या, म्हणजे जमिनीच्या, पातळीवर नसतं. तिथे संगणकाची यूएसबी जोडली की संगणकाच्या अर्थिंगमधून शॉर्ट होतो. प्रोब, पोर्ट आणि कधी मदरबोर्ड एका फटक्यात जातो. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवणं हा उपाय अनेकजण सांगतात. तो मुळीच करू नये: शॉर्ट टळतो, पण लॅपटॉपचा सांगाडा मेन्सच्या पातळीवर येतो आणि त्याला हात आपला लागतो. मध्ये आयसोलेटर हवा, यूएसबीचा किंवा सिरिअलचा किंवा आयसोलेटेड डीबग प्रोब. ४८ व्होल्टच्या बॅटरीवरच्या ड्राइव्हला जिवाचा धोका कमी असतो, पण तिथेही मोटर सुरू होताच यूएसबी तुटत असेल तर कारण ग्राउंडमधून येणारा गोंगाट असतो, आणि उपाय तोच.

इतकं सगळं दाखवणारं सॉफ्टवेअर असलं तरी ऑसिलोस्कोप कपाटात जात नाही. गेट सिग्नल, डेड-टाइम, शंटवरची स्विचिंगनंतरची घंटानादासारखी थरथर हे सगळं कन्व्हर्टरच्या अलीकडचं जग आहे. मोजणी त्या थरथरीत होतेय की ती शमल्यावर, हे फर्मवेअरला कळू शकत नाही. इंटरप्टला किती वेळ लागतो हेही ऑसिलोस्कोपवरच मोजावं: शिरताना एक पिन वर, निघताना खाली. रेकॉर्डर चालू आणि बंद करून ही पल्स पाहिली की रेकॉर्डर किती मायक्रोसेकंद खातो ते दिसतं. ५० मायक्रोसेकंदांतले ४५ आधीच गेलेले असतील तर नोंदणारी व्हेरिएबल्स कमी करा. नाहीतर बघण्यामुळेच लूप चुकायला लागतं आणि बघणं बंद केलं की दोष गायब होतो.

उत्पादन बाहेर पाठवताना संगणकाला उत्तरं देणारा फर्मवेअरमधला ड्रायव्हर पूर्ण काढून टाकावा का, यावर दोन मतं आहेत. मी वाचण्याची सोय आणि फॉल्टचा रेकॉर्डर ठेवतो, लिहिण्याची बंद करतो. फ्रीमास्टरसारख्या ड्रायव्हरमध्ये हे कॉन्फिगरेशनच्या एकदोन ओळींत होतं, आणि कुठली व्हेरिएबल्स दिसावीत याची यादीही आखून देता येते. वर्षभराने परत आलेल्या ड्राइव्हच्या बफरमध्ये शेवटच्या फॉल्टआधीचे ४० मिलिसेकंद हवे असतील तर ते फॉल्ट लागताच फ्लॅशमध्ये लिहून ठेवावे लागतात, कारण रॅम पॉवर जाताच पुसली जाते. आणि त्या नोंदीबरोबर फर्मवेअरचा आवृत्ती क्रमांकही लिहावा, म्हणजे कुठली ईएलएफ फाइल उघडायची ते कळेल.